अंगणच वाकडं

आमच्या पिकअपला जो आजार होता तो ताशी साठ किलोमीटरच्या वर गेल्याशिवाय दिसत नसे, आणि आम्ही राहतो मुलुंडला. जाणकारांना एवढ्यावरून सगळं कळेल. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो.

आमच्या घरात केटरिंगचा व्यवसाय आहे. म्हणजे व्यवसाय बायकोचा, चव तिच्या आईची, आणि हिशेब व वाहतूक ही उरलेली दोन खाती माझी. टोप, कढया, शेगड्या, ताटांच्या गोण्या आणि आचारी महाराज हे सगळं हौद्यात नि केबिनमध्ये चढवायचं आणि लग्न जिथे असेल तिथे पोचवायचं, एवढं माझं काम. मुलुंडचे यजमान हॉल घेतात बोरिवलीला आणि घाटकोपरचे अंधेरीला. आपल्या भागातला हॉल घेणं बहुधा अशुभ असावं. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर खेटून आहेत. मध्ये फक्त एक राष्ट्रीय उद्यान आणि त्यातले बिबटे. बिबट्याला सरळ जाता येतं. आम्हाला घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढून-उतरून, नाहीतर पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने वळसा मारावा लागतो.

तर भल्या पहाटे, रस्ता चुकून मोकळा असताना, गाडी साठ-सत्तरला असली आणि ब्रेक दाबला की पेडल पायाला उलट लाथा मारायचं, स्टिअरिंगला हुडहुडी भरायची आणि मागे सगळी ताटं एकसाथ वाजायला लागायची. गायमुखच्या उतारावर एकदा पुढचा रिक्षावाला मागून वरात येतेय असं समजून बाजूला झाला आणि आम्ही दिसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट निराशा होती.

लालबहादूर शास्त्री मार्गावरचा आमचा मिस्त्री या बाबतीत निःशंक होता.

"डिस्क गया, सेठ. बेंड हो गया."

"अहो, पण तुम्ही अजून पाहिलं कुठे?"

"पाहायला कशाला पाहिजे? आवाजावरून कळतं."

गाडी तेव्हा बंद होती.

पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क बदलल्या, पॅड बदलले. गाडी अशी गुळगुळीत थांबायला लागली की पहिल्या दिवशी ड्रायव्हरमामा सिग्नल नसतानाही थांबून दाखवत होते. आम्ही मिस्त्रीला श्रीखंडाचा डबा पाठवला. पुढे काही महिन्यांनी लग्नसराई ऐन भरात आली आणि पेडलने पुन्हा पहिली लाथ मारली. मिस्त्री म्हणाला, "माझ्याकडून गेली तेव्हा चांगली होती की नाही?" होती. त्याला नाकारणार कसं?

या आजाराची खरी गंमत इथे आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. 'डिस्क वाकडी झाली' असं सगळं जग म्हणतं, पण बिडाची ती जाडजूड थाळी सहसा वाकत वगैरे नाही. कॅरोल स्मिथ नावाच्या अमेरिकन रेसिंग इंजिनिअराची सगळी हयात तापलेल्या ब्रेकच्या संगतीत गेली, आणि 'वाकडी डिस्क' ही बहुतेक वेळा दंतकथा असते असं त्याने सविस्तर लिहून ठेवलंय. होतं ते असं. डिस्क बसवताना किंचित तिरकी बसते, केसाच्या जाडीइतकी. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक दाबलेला नसतानाही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला हळूच चाटून जातो. काही हजार किलोमीटर हे चाटणं चाललं की डिस्क कुठे झिजते, कुठे तिच्यावर पॅडचा लेप चढतो, आणि एके ठिकाणी ती जाड तर दुसरीकडे बारीक होते. फरक मिलीमीटरच्या शंभराव्या भागातला, एखाददोन शतांश. पण तेवढ्यावर पॅड मागे-पुढे होतो, ब्रेक ऑइल मागे-पुढे होतं, आणि शेवटी तुमचा पाय.

म्हणजे चूक झाली त्या दिवशी गाडी ठणठणीत असते आणि आजार उमटतो तोवर चूक करणारा निर्दोष सुटलेला असतो. मुंबईतल्या कंत्राटदारांना याहून सोयीचा आजार शोधून सापडला नसता.

दरम्यान आमच्याकडे निदानांचा सुकाळ झाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टाय घातलेल्या मुलाने गाडीऐवजी टॅबलेटकडे बघून विचारलं, "सर, गाडीत तुम्ही माल भरता का?"

"पिकअप आहे. माल नाही भरला तर काय भरू?"

"ओव्हरलोडिंग," त्याने टॅबलेटवर टाइप केलं.

टायरवाल्याला अलाइनमेंट दिसलं, कारण त्याच्याकडे अलाइनमेंटचं नवं मशीन आलं होतं. मरोळच्या एका उस्तादाने कॅलिपरच्या पिना सुकल्यात म्हणून सांगितलं, ग्रीस लावलं, आणि त्या खरोखरच सुकल्या होत्या, त्यामुळे त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण थरथर गेली नाही. लेथवाल्याने डिस्कला एक हलकासा कट मारून सपाट करून दिली. गाडी परत काही दिवस सरळ थांबली, मग परत ताटं वाजली, मग परत लेथ. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली की ती टाकायची. आमची डिस्क त्या आकड्याच्या इतकी जवळ पोचली की लेथवाला तिला हातात घेऊन उजेडाकडे धरून बघायला लागला. बारीक डिस्क लवकर तापते, लवकर तापली की लवकर बिघडते, आणि लवकर बिघडली की लवकर लेथवर येते. लेथवाला यात कुठेही तक्रारीला जागा ठेवत नव्हता.

घरच्यांचीही मतं होती. सासूबाईंचं म्हणणं, गाडी अमावास्येला घरी आणली. तारीख तपासली तर अमावास्या नव्हती, चतुर्दशी होती. "मग लागली असेल संध्याकाळी," त्या म्हणाल्या. सोसायटीतले एक गृहस्थ, ज्यांनी स्वतःची गाडी घेतल्यापासून फक्त झाकून ठेवली आहे, त्यांनी ड्रायव्हरवर ठपका ठेवला: हा माणूस उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसतो. ड्रायव्हरमामांनी ठपका रस्त्यावर ठेवला. रस्त्यावर ठपका ठेवायलासुद्धा सपाट जागा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आचारी महाराजांच्या मते दोष कढीचा होता. कढी गाडीत असली की हमखास थरथरते, जिलबी असली की नाही. बायकोने हे मन लावून ऐकलं आणि मला म्हणाली, "अहो, निदान हा माणूस काहीतरी नोंद तरी ठेवतोय."

आता मिस्त्री म्हणायला लागला, "एकदा चालवून दाखवा." अडचण सुरू झाली ती इथे. हा थरकाप साठच्या वर. लालबहादूर शास्त्री मार्गावर दिवसा मुलुंडहून निघून भांडुपला जाईपर्यंत गाडीचा काटा पंचवीसला शिवला तर ड्रायव्हर मागे वळून बघतात की झालं काय. मिस्त्री शेजारी बसला, आम्ही तासभर फिरलो, मेट्रोच्या खांबांना वळसे घातले, आणि ब्रेक शेकडो वेळा दाबला. एकदाही थरथर नाही. "सेठ, गाडीला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "तुम्हाला भास होतो."

तेव्हा ठरलं की पहाटे तीनला पूर्व द्रुतगती महामार्गावर जायचं. मिस्त्री, ड्रायव्हरमामा, मी आणि हौद्यात पुराव्यादाखल ताटांच्या दोन गोण्या. गाडी सत्तरला न्यायची, ब्रेक मारायचा, परत सत्तरला न्यायची. ताटं छान वाजत होती. मिस्त्रीचं तोंडही पडायला लागलं होतं. तेवढ्यात पुढे नाकाबंदी लागली. हवालदारांनी आम्हाला लांबूनच पाहिलं होतं, ऐकलंही होतं.

"कुठून आलात?"

"मुलुंड."

"कुठे चाललात?"

"कुठेच नाही."

हे उत्तर पहाटे तीन वाजता पोलिसांना देऊ नये.

"मग मघापासून सारखे ब्रेक का मारताय?"

"ब्रेक लागतात का ते बघतोय."

"लागत नाहीत?"

"लागतात की."

त्यांनी ड्रायव्हरमामांना मशीनमध्ये फुंकायला लावलं. मामा माळकरी. मशीन गप्प. मग गोण्या उघडायला लावल्या. रिकामी ताटं घेऊन पहाटे हायवेवर हिंडणाऱ्या तीन माणसांवर कुठलं कलम लागतं यावर त्यांची आपसात थोडी चर्चा झाली. शेवटी मी सगळा आजार सांगितला. साहेबांनी टोपी काढली, चाकावर टॉर्च मारला, आणि विचारपूर्वक म्हणाले, "पॅड बदला. माझ्या मोटारसायकलला असंच होत होतं."

या सगळ्या गोतावळ्यात एकाच माणसाने मत दिलं नव्हतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. त्यांची नोकरी कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये झाली; जिथे पद्मिनी बनायची तिथे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा काकांनी त्या दिवशी दाढी केली नव्हती. मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "काका, डिस्क का वाकत असेल?"

"पद्मिनीला चारही चाकांना ड्रम," ते म्हणाले. "वाकायचा प्रश्न नव्हता."

"पण आता आमच्या गाडीला आहे डिस्क."

"मोजली का?"

इतक्या जणांनी इतकं काही सांगितलं, पण हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मोजली कुणी? कुणीच नाही. १९०२ साली लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, त्याला सव्वाशे वर्षं होत आली, आणि मुलुंड ते मरोळ या पट्ट्यात तिच्यावर लेथ मारणारे भरपूर, मोजणारा एक. तोही सेवानिवृत्त.

रविवारी सकाळी काका लेंगा, सदरा आणि हातात एक मखमली अस्तराची पेटी अशा थाटात पार्किंगमध्ये आले. पेटीत डायल गेज होतं. ड्रायव्हरमामांनी चाक काढलं. काकांनी चाकाचे नट परत डिस्कवर लावायला सांगितले, वॉशर घालून, कारण डिस्क हबवर घट्ट बसल्याशिवाय मोजणं म्हणजे नुसता खेळ. मग लोहचुंबकाचा स्टँड चिकटवला आणि गेजची सुई डिस्कच्या कडेपासून थोडी आत, अलगद टेकवली. तबकडी शून्यावर आणली. आणि डिस्क हाताने फिरवायला घेतली, देवळातल्या प्रदक्षिणेच्या गतीने.

काटा हलला. एक घर म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. तीन, सहा, नऊ, आणि वर जाऊन चौदावर उभा राहिला, मग परत शून्याकडे. सोसायटीतले सहा-सातजण आणि दोन पेपरवाले त्या काट्याकडे श्वास रोखून पाहत होते. "साधारण पाचच्या आत पाहिजे," काका म्हणाले. चौदा. मिस्त्रीने लगेच जाहीर केलं, "बोललो ना, डिस्क गया."

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. जिथे काटा सगळ्यात वर गेला तिथे डिस्कवर एक आणि हबवर एक अशा खडूच्या रेघा मारल्या. मग नट काढून डिस्क फिरवून दुसऱ्या भोकांवर बसवली आणि परत मोजली. "आता बघ. डिस्क वाकडी असेल तर काटा डिस्कवरच्या रेघेपाशी चढेल. नसेल तर..."

काटा हबवरच्या रेघेपाशी चढला. डिस्क कशीही बसवा, तिथेच चढायचा.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण नाचणारीला हसत म्हणत आलोय. इथे बिचारी नाचणारी दर लग्नसराईत बदलली जात होती, लेथवर सोलली जात होती, आणि अंगण खरंच वाकडं होतं. डिस्क ज्या हबच्या तोंडावर बसते तिथे गंजाची एक खपली होती. चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत गाडी बहुतेक पार्किंगच्या कोपऱ्यात, पन्हळीखाली. त्या पावसात गंज चढला. मिस्त्रीने दर वेळी नवीकोरी डिस्क त्या गंजावरच दाबून बसवली. हबच्या छोट्या वर्तुळावर जेवढा तिरकेपणा, तो डिस्कच्या मोठ्या वर्तुळाच्या कडेला वाढून दिसतो. काकांनी हे खडूने पार्किंगच्या फरशीवर काढून दाखवलं आणि ती आकृती सफाईवाल्या बाईंनी दोन दिवस पुसली नाही.

२०२४ चा तो उन्हाळा होता. अंधेरीत नव्या गोखले पुलाची आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाची पातळी जुळत नव्हती, आणि पेपरात छापून आलं होतं की बर्फीवाला पूल जॅक लावून एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलीमीटर उचलणार. काकांनी बातमी चष्मा लावून दोनदा वाचली. "दशांश चिन्ह राहिलं असेल छापायचं," ते म्हणाले. आम्ही कुणी त्यांना काही बोललो नाही. या वयात कशाला?

काका एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण मोजणाऱ्या माणसाला थांबवता येत नाही. त्यांनी गाडी मागून उचलायला सांगितली. ड्रायव्हरमामांना ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि मागचं चाक एका हाताने फिरवलं. ब्रेक दाबलेला होता आणि चाक फिरत होतं, खुशाल. ड्रमचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले, आपोआप जवळ आणणारा ऍडजस्टर गंजून झोपलेला. त्यात आणखी मजा म्हणजे मागच्या ऍक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौद्यात वजन किती आहे ते एका सळईवरून जोखून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. आमच्या व्हॉल्व्हची सळई एकाच जागी अडकली होती. सर्व्हिस सेंटरच्या मते गाडी कायम जास्त भरलेली होती आणि या व्हॉल्व्हच्या मते कायम रिकामी. दोघांपैकी एकानेही कधी मागे वाकून बघितलं नव्हतं. तेव्हा आमचे मागचे ब्रेक म्हणजे सोसायटीच्या कमिटीचे सभासद: नाव बोर्डावर, सही रजिस्टरवर, आणि पाण्याची टाकी फुटली की सेक्रेटरी एकटा धावणार. सगळं वजन पुढच्या दोन डिस्क थांबवत होत्या, तापत होत्या, आणि वर शिव्याही त्याच खात होत्या.

उरला चाकाच्या नटांचा प्रश्न. घोडबंदर रोडवर पंक्चर झालं की पोरगं पान्याला चार फुटी पाइप जोडतं आणि त्याच्यावर उभं राहून उड्या मारतं. पहिला नट गळ्यापर्यंत, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. काकांच्या म्हणण्याप्रमाणे नट समोरासमोर आवळायचे, आधी हलके, मग सगळे सारख्या जोराने, आणि तो जोर कंपनीच्या पुस्तकात आकड्यात दिलेला असतो. एकीकडे जास्त ताण आला की डिस्क तिथे ओढली जाते. "पोराचं वजन किती?" काकांनी विचारलं. ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून लख्ख केलं. काटा तीनवर आला. नव्या डिस्क, मागचे लायनर, मोकळी केलेली सळई, आणि टॉर्क पाना नावाचं एक हत्यार, ज्याची किंमत ऐकून हिशेब खात्याने वाहतूक खात्याकडे दोन दिवस बोलणं टाकलं. मिस्त्रीने हे सगळं काम केलं, नीट केलं, आणि आता तो प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो की हब बघितल्याशिवाय डिस्क बदलणारे मिस्त्री म्हणजे निव्वळ चोर.

गाडी आता थांबते. चारही चाकांवर, आवाज न करता, आणि फार लवकर. पहिल्याच लग्नाला, गांधीनगरहून पवईकडे जाताना मामांनी सवयीने पूर्वीइतकाच जोर लावला आणि श्रीखंडाचा भलामोठा डबा हौद्यातून सरकत केबिनच्या पाठीवर येऊन आपटला. आचारी महाराजांनी मागे वळून जाळीतून त्याच्याकडे बघितलं आणि बोरिवलीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. हॉलवर उतरल्यावर म्हणाले, "आधीची गाडी बरी होती. थरथरायला लागली की आम्ही मागचं सामान आवरायला तयार असायचो. आता सूचनाच मिळत नाही."

आणि परत येताना घोडबंदरला पंक्चर झालं. पोरगं चाक बसवून पाइप आणायला वळलं तेवढ्यात ड्रायव्हरमामांनी सीटखालून, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला टॉर्क पाना काढला. समोरासमोरचे नट, सगळ्यांना आधी हलका हात, मग जोर. ठरलेला जोर झाला की हा पाना 'टक्' असा आवाज करतो. पहिल्या नटाला झाला.

पोरगं दचकून पुढे आलं. "टूट गया क्या, चाचा?"

"नाही रे. बरोबर झालं की असाच वाजतो."

पोराने दुसरी टक् ऐकली, तिसरी ऐकली. मग शेजारच्या चहावाल्याला हाक मारून बोलावलं. दोघांनी मिळून बाकीच्या टका ऐकल्या. सगळं आवरल्यावर मामांनी पैसे विचारले तर त्याने नेहमीपेक्षा पन्नास रुपये जास्त सांगितले.

"का? नट तर मी आवळले."

"म्हणूनच," पोरगं म्हणालं. "तुमची मशीन नाजूक आहे. खोलताना मला त्रास होणार."